काही त्रास नसलेली वसाहत

आमच्या थोरल्या जाऊबाईंना वसाहतीत कुणी नावानं ओळखत नाही. सगळे मोजणीबाई म्हणतात. नगरपालिका दर पाच वर्षांनी घरोघर पाहणी करते. माणसं किती, वयं काय, कोण शिकतं, कोण आजारी, नळाला पाणी किती वेळ. ते सगळं दारोदार फिरून लिहायचं काम जाऊबाई बावीस वर्षं करताहेत. आमचं दार त्यांच्या दारासमोर, त्यामुळे ही बावीस वर्षं मी अगदी जवळून पाहिली आहेत.

त्यांची कामाची रीत ठरलेली. काळे कापडी बूट, हातात चिमटा लावलेलं पॅड, दोन निळी पेनं. घंटी एकदाच वाजवायची आणि दोन पावलं मागं सरायचं. कुणाच्या घरी पाणी प्यायचं नाही. "पाणी प्यायलं की आपण पाहुणे होतो," त्या म्हणत, "आणि पाहुण्याला कुणी खरं सांगत नाही." आणि सगळ्यांत मोठा नियम असा की माणसाच्या तोंडातून येईल तेच कागदावर. स्वतःच्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही.

हा नियम त्या किती पाळत, ते एका गोष्टीवरून कळेल. वय विचारल्यावर एका गृहस्थांनी चेष्टेनं "एकशे चाळीस" म्हणून सांगितलं. जाऊबाईंनी वर न बघता एकशे चाळीस लिहिलं. दोन महिन्यांनी कचेरीतली दोन माणसं फुलांचा गुच्छ घेऊन त्यांचा सत्कार करायला आली. गृहस्थ त्या वेळी बनियनवर सायकलचं पंक्चर काढत होते.

आमचे भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, शिंपी. शर्ट शिवावा तर त्यांनीच. वसाहतीतल्या निम्म्या पुरुषांच्या अंगावर त्यांचं काज-बटण होतं. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, देवाचे उपकार. पण उजवा हात आणि उजवा पाय रुसून बसले. बोलणं थोडं सावकाश झालं, पण बोचरेपणा कमी झाला नाही.

पहिल्या इमारतीच्या तळमजल्यावर पूर्वी सायकली ठेवायची खोली होती. तिथं नगरपालिकेनं व्यायामखोली केली होती. आठवड्यातून तीन दिवस एक व्यायामताई यायच्या. भिंतीला लाकडी दांडे, एक बाक, आणि भाऊजींसाठी एक फळी, तिच्यावर कापड ठोकलेलं आणि कापडाला सहा बटणं. ती बटणं काजातून घालायची आणि काढायची, एवढाच व्यायाम. पहिल्या दिवशी भाऊजींनी फळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही काजं कुणी केलीत? खुरप्यानं?"

व्यायामताई म्हणाल्या, "काका, तुम्ही बरे झालात की नवी करून द्या."

ते त्यांच्या मनाला लागलं. आठ महिन्यांत स्वतःच्या शर्टाची खालची तीन बटणं ते स्वतः लावायला लागले. वरची दोन राहिली होती. वसाहतीत दुसऱ्या कुणाला फार वाटणार नाही, पण ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांचे शर्ट शिवले त्याला रोज सकाळी बायकोसमोर हनुवटी वर करून उभं राहावं लागतं, हे काय असतं ते मी समोरच्या दारातून बघत होते.

आणि एका सोमवारी व्यायामखोलीच्या दाराला कागद चिकटला. पुढच्या एक तारखेपासून खोली नदीपलीकडच्या वस्तीत हलवण्यात येत आहे. तिथं जायला दोन बस. भाऊजींना बसची पायरी चढता येत नाही. म्हणजे तीन बटणांवर गाडी थांबणार, कायमची.

जाऊबाईंनी कागद दोनदा वाचला. मग मला म्हणाल्या, "चल. कचेरीत जाऊन येऊ."

नियोजनाचे साहेब तरुण होते, मोठ्या चष्म्याचे, स्वभावानं गरीब. त्यांनी संगणकावर शहराचा नकाशा काढला. कुठं लाल, कुठं पिवळा, कुठं हिरवा. आमची वसाहत इतकी हिरवी की भाजीच्या टोपलीतून काढल्यासारखी.

"ताई, तुमची वसाहत शहरात सगळ्यात निरोगी," साहेब म्हणाले. "बाराशे माणसं. त्यांत चालायला, जिना चढायला, ऐकायला, बघायला किंवा स्वतःचं आवरायला त्रास होतो असं सांगणारी चार."

"चार?" मला हसूच आलं. "साहेब, संध्याकाळी आमच्या एकट्या जिन्यात धापा टाकत बसलेली माणसं मोजलीत तर चारावर जातील."

"मलाही नवल वाटलं होतं. तीन मजले, लिफ्ट नाही, निम्मी माणसं साठीच्या पुढची. पण मला वाटून काय उपयोग? खोल्या तीन आणि मागणाऱ्या वस्त्या अकरा. फॉर्मात जिथं त्रास दिसतो तिथं पैसा जातो. नदीपलीकडच्यांनी त्रास सांगितला, तुमच्यांनी नाही सांगितला."

"पण फॉर्म भरणाऱ्याला डोळे नव्हते का?" मी तावातावानं म्हटलं.

साहेब जाऊबाईंकडे बघायला लागले. जाऊबाई पॅडच्या चिमट्याकडे.

"मीच भरलेत," त्या म्हणाल्या.

मी जीभ चावली. पण बोललेलं परत घेता येत नाही.

"सतरावा प्रश्न," जाऊबाई हळूच म्हणाल्या. "घरात कुणाला त्रास होतो का? काहीच नाही, थोडा, बराच, की जमतच नाही? तिसऱ्या मजल्यावरचे पोस्टमनकाका. त्या दिवशी दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं होतं. माझ्यासमोर. खुर्चीतूनच ते म्हणाले, देवाच्या कृपेनं काही त्रास नाही. मी 'काहीच नाही'वर खूण केली."

"आणि तुमच्या घरचा फॉर्म?" साहेबांनी विचारलं. पाहणीवाल्यांना स्वतःचं घर भरता येत नाही, ते दुसऱ्या वॉर्डातल्या बाईंनी भरलं होतं. साहेबांनी शोधून काढला. "हा बघा. सतरावा. काहीच नाही. उत्तर देणाऱ्या, स्वतः तुम्ही."

झटक्याला तेव्हा दोन महिने झाले होते.

माझ्या घरचा फॉर्म काढा, असं मी म्हटलं नाही. माझी कंबर तीन वर्षं धरलेली आहे, आणि मीसुद्धा हसून "सगळं ठीक" असंच सांगितलं होतं, हे मला चांगलं आठवत होतं.

घरी येताना मी विचार करत होते. आम्ही काही न बोलणारी माणसं नव्हे. जिन्यात, नळावर, गच्चीवर कपडे वाळत घालताना आम्ही इतकं कण्हतो की दुखण्यांनासुद्धा कंटाळा यावा. पण दारात परका माणूस कागद घेऊन उभा राहिला की पाठ ताठ होते. कसं काय? बरंय, देवाची कृपा. लहानपणापासून तेच शिकवलं. आपलं गाऱ्हाणं देवापाशी, आणि तेही डोळे मिटून. आता देवानं दिलेल्या गुडघ्यांची तक्रार नगरपालिकेत कोण लिहून देणार? ते बरं दिसत नाही.

साहेबांनी एक वाट मात्र दाखवली होती. फेरपाहणी. पंधरा दिवस, दोनशे घरं, फॉर्म पहिल्यापासून. "काम तुमचं, तुम्हीच दुरुस्त करा. दहांतलं एक घर मी स्वतः येऊन तपासणार. आणि ताई, हे पुस्तक घेऊन जा, परत एकदा वाचा."

पाहणीवाल्यांना देतात ते सूचनांचं पुस्तक होतं. जाऊबाईंकडे तसं एक बावीस वर्षं होतं, म्हणून हे त्यांनी तिथंच ठेवलं. ते भाऊजींच्या शिलाई मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली होतं.

पहिल्या दिवशी त्या अकरा घरं करून आल्या. मी चहा टाकला होता. "काय झालं?"

"अकरा घरं. एकाला थोडा."

"कुणाला?"

"सांगता येत नाही. फॉर्ममधलं बाहेर काढायचं नाही, नियम आहे." मग थोडं थांबून, "पण तो थोडासुद्धा दाढदुखीचा आहे."

भाऊजी खुर्चीतून म्हणाले, "तू विचारतेस कसं? पोलिसासारखं. त्रास आहे का? होय की नाही? मलासुद्धा नाहीच म्हणावंसं वाटतं."

"छापील प्रश्न बदलता येत नाही."

"मग पुढचं वाच की. मशीनखालून पुस्तक काढलंयस, नुसतं पुसून ठेवू नकोस."

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पुस्तक वाचलं. एकतिसाव्या पानावर एक ओळ होती: उत्तर पुरेसं स्पष्ट न वाटल्यास गेल्या आठवड्यातलं उदाहरण विचारावं. जाऊबाईंनी ती ओळ मला मोठ्यानं वाचून दाखवली. म्हणाल्या, "बावीस वर्षं मला कुणाचंही उत्तर अस्पष्ट वाटलं नाही गं." त्यांचा चेहरा असा झाला होता की मी चहात साखर जरा जास्तच घातली.

मग त्या पोस्टमनकाकांकडे गेल्या. माझ्याकडून काकांना औषधाची बाटली पोचवायची होती, म्हणून मीही मागोमाग. काका दारातच खुर्ची टाकून बसले होते. जाऊबाईंनी विचारलं, "काका, फेरपाहणी आहे. दारात लिहू की आत येऊ?"

"लिही इथंच. मला काय लपवायचंय?"

सोळा प्रश्न सुरळीत गेले. सतरावा आला.

"देवाच्या कृपेनं काही त्रास नाही," काका म्हणाले.

जाऊबाईंचं पेन कागदाला टेकलं आणि थांबलं. मी बावीस वर्षांत ते पेन पहिल्यांदा थांबलेलं पाहिलं.

"बरं. काल तुम्ही खाली किती वेळा उतरलात?"

"काल? काल नाही उतरलो. ऊन होतं."

"परवा?"

"परवा वारा होता."

"मग त्याआधी?"

काका हिशेब करायला लागले. एवढ्यात शेजारचं दार उघडलं. तिथं राहतात त्या टीव्हीकाकू. त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या आमच्या पूर्ण जिन्याला पाठ असतात. "काय म्हणतोय हा?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "काही त्रास नाही म्हणतात!"

"त्रास नाही?" टीव्हीकाकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अहो, गेल्या महिन्यात तुमच्या भाच्याचं लग्न खालच्या मंडपात झालं. तुम्ही ते खिडकीतून पाहिलंत! अक्षता वरून टाकल्यात! निम्म्या माझ्या वाळवणावर पडल्या!"

काका लालबुंद झाले. "माझं सोडा! तुमचं बघा! परवा तुमचा कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होता, पूर्ण इमारत गोळा झाली, दार बडवलं, तुम्ही आत बसून हसत होतात!"

"टीव्हीवर विनोदी होतं म्हणून हसत होते!"

"तेच म्हणतोय! टीव्ही ऐकू आला, दार नाही ऐकू आलं!"

"मला दिसतं त्यात काय चाललंय ते! ऐकायची गरज काय?" असं म्हणून काकू एकदम गप्प झाल्या. आपण काय बोललो ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं असावं.

मग पोस्टमनकाका खाली बघत म्हणाले, "लिही. सव्वा महिना झाला मी खाली उतरलो नाही. तीस वर्षं या शहराचे जिने चढलो, आता आपलाच उतरवत नाही. थोडा, बराच, जे बसेल ते लिही."

"तुमच्या तोंडानं सांगा काका. मी ठरवायचं नाही."

"बराच."

टीव्हीकाकूंनी जाऊबाईंचा दंड धरला. "माझं घर आहे का यादीत? आहे? मग आत्ताच लिही. याचं काय लिहिलंस?"

"ते सांगता येत नाही, काकू."

"नको सांगूस. याचं लिहिलं असशील त्याच्यापेक्षा एक पायरी वर लिही माझं."

तिथून जाऊबाईंना रस्ता सापडला. त्या कुणाचं कुणाला सांगत नसत, पण विचारत, "आत लिहू की दारात?" आमच्या वसाहतीत दार उघडलं की समोरचं उघडतंच. जवळजवळ सगळे दारात म्हणत, आणि मग जिनाच फॉर्म भरायला लागे. ज्यांना आत हवं असे त्यांच्याकडे आत, दार लावून, कालच्या दिवसाचे प्रश्न. दूध कुणी आणलं? नखं कुणी कापली? औषधावरची अक्षरं कुणी वाचली? माणसं आधी अडखळत, मग सांगत, आणि सांगून झालं की हलकी होऊन "चहा घेणार का?" विचारत. जाऊबाई अजूनही नाहीच म्हणत.

आठव्या दिवसापर्यंत वारा उलटा फिरला. त्रास सांगितला की खोली राहते, हे सगळीकडे पसरलं. आता जो तो कण्हायला लागला. दुसऱ्या इमारतीतला रोज सकाळी बागेभोवती दहा फेऱ्या पळणारा एक तरुण म्हणाला, "मोजणीबाई, माझं 'जमतच नाही' लिहा. भाऊकाकांसाठी."

भाऊकाका म्हणजे आमचे भाऊजी. जाऊबाईंचे डोळे क्षणभर भरून आले, पण पेन हललं नाही. "काल किती फेऱ्या मारल्यास?"

"दहा," तो म्हणाला, आणि मग डोकं खाजवायला लागला.

"मग तुझं काहीच नाही. आणि देवाचे आभार मान."

मला ते पटलं नाही. जिन्यात मी म्हटलं, "अहो, एक खूण जास्त झाली असती तर काय बिघडलं असतं?"

"नदीपलीकडंसुद्धा कुणाची तरी बटणं राहिली असतील," त्या म्हणाल्या. एवढंच. संध्याकाळी देवाला हात जोडताना मात्र मी रोजच्यापेक्षा जरा लांबचं मागितलं, नदीपलीकडच्यांसाठीसुद्धा.

पंधराव्या दिवशी एकशे नव्व्याण्णव घरं झाली. राहिलं फक्त त्यांचं स्वतःचं. तो फॉर्म भरायला साहेब स्वतः आले. घंटी एकदा वाजवून दोन पावलं मागं सरले. जाऊबाईंनीच शिकवलं असणार. समोरचं दार, म्हणजे माझं, आधीच उघडं होतं. वरच्या कठड्यावरून पोस्टमनकाका, त्यांच्या शेजारी टीव्हीकाकू. खालच्या पायऱ्यांवर जागा नव्हती.

"आत लिहू की दारात?" साहेबांनी विचारलं.

"दारातच," जाऊबाई म्हणाल्या. दुसरं काही म्हणायला तोंड नव्हतं.

सोळा प्रश्न झाले. साहेबांनी सतरावा वाचला. घरात कुणाला चालताना, जिना चढताना, बघताना, ऐकताना, स्वतःचं आवरताना त्रास होतो का?

आणि जाऊबाई, दोनशे घरांना बोलतं करणाऱ्या आमच्या जाऊबाई, पाठ ताठ करून हसून म्हणाल्या, "देवाच्या कृपेनं सगळं ठीक."

आख्खा जिना एका आवाजात म्हणाला, "अहो!"

टीव्हीकाकूंनी विचारलं, "काय म्हणाली?" कुणीतरी ओरडून सांगितलं. काकूंनी कपाळावर हात मारला.

साहेबांनी चष्मा वर केला. "ताई, आज सकाळी घरात शर्टाची बटणं कुणी लावली?"

उत्तर आतून आलं. भाऊजी भिंतीला धरून दारापर्यंत आले होते. "तीन मी. दोन तिनं. आणि साहेब, तुमची कॉलर एका बाजूनं पाव इंच मोठी आहे. कुठं शिवलीत?"

"तयार घेतलीय."

"दिसतंय."

सगळे हसले, जाऊबाईसुद्धा. हसता हसता त्यांनी दाराची चौकट धरली, आणि हसू कुठं संपलं ते कळलं नाही. "लिहा," त्या म्हणाल्या. "यांना बराच. आणि मला... मला थोडा. उजवा खांदा. यांना उठवताना सहा महिन्यांपूर्वी धरला, तो वर होत नाही. वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. सगळे डबे खाली आणून ठेवलेत."

ते डबे मी रोज बघत होते. जाऊबाईंनी स्वयंपाकघर नव्यानं लावलंय, छान दिसतंय, असं मी त्यांना म्हटलंसुद्धा होतं. बारा पावलांवर माझं दार. मी कसली शेजारीण, कसली जाऊ.

भाऊजी त्यांच्याकडे बघत राहिले. "मला नाही सांगितलंस."

"तुम्ही विचारलंत का? पोलिसासारखंसुद्धा नाही विचारलंत."

साहेबांनी दोन्ही खुणा केल्या आणि फॉर्म उलटा फिरवून त्यांना वाचायला दिला. जाऊबाईंनी तो दोनदा वाचला आणि खाली सही केली.

पुढं काय झालं ते एका ओळीत सांगण्यासारखं आहे, कारण कचेरीनंही एकाच ओळीत कळवलं. नकाशावर आम्ही हिरव्याचे पिवळे झालो. नदीपलीकडचे लालच राहिले, आणि ते बरोबरच होतं. व्यायामताई आता तीन दिवस तिकडं आणि दोन दिवस आमच्याकडं येतात. पूर्वीपेक्षा एक दिवस कमी, पण दाराला कागद नाही. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे आले. पोस्टमनकाका ते धरून आठवड्यातून एकदा खाली येतात आणि वर जाताना प्रत्येक मजल्यावरच्या घरात पाणी पितात. टीव्हीकाकूंना कानाचं यंत्र मिळालं. आता त्यांना आमचं सगळं ऐकू येतं, हा वसाहतीचा नवा त्रास. पुढच्या पाहणीत तो कुठल्या प्रश्नात बसतो ते बघायचं.

व्यायामखोलीत आता दोघं एकदम जातात. जाऊबाई भिंतीवर बोटांनी वर चढतात, रोज एक वीट जास्त, आणि भाऊजी फळीशी भांडत बसतात. मीही कंबर घेऊन जाते. खोटं कशाला बोलू?

गेल्या गुरुवारी सकाळी भाऊजींनी चौथं बटण लावलं. मी दारातून पाहिलं. मग पाचव्याला हात घातला, बराच वेळ झटले, आणि ते लागलं, पण भलत्याच काजात. कॉलर एका बाजूनं कानाला टेकली. जाऊबाई नीट करायला पुढं झाल्या तर त्यांनी डाव्या हातानं अडवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "पुढच्या पाहणीत 'थोडा' लिहायला काहीतरी शिल्लक नको का?"